सहाही नोझल बदलले, तरी तिसरा सिलिंडर मेलेलाच (दहाचाकी, नागपूर)

वाडीचा_दहाचाकी · सोमवार, रात्री १०:४२

राजेहो, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी दहाचाकी, सहा सिलिंडर, कॉमन रेल (सहाही नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल), बीएस-४. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा 'ही गाडी घ्यायलाच नको होती' यावर जाईल. ६ लाख १० हजार किलोमीटर झालेत. आधी दोन वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्राची राख वाहिली, आता बुटीबोरीहून लोखंड भरून जबलपूर. म्हणजे आठवड्यातून एकदा तरी कुरई घाट आलाच.

दुखणं असं. साधारण पंधरा दिवसांपासून सकाळी पहिल्या स्टार्टला मिस मारते (एखादा सिलिंडर पेटतच नाही). पांढरा धूर इतका की वाडीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा क्लीनर उठून शिव्या घालतो. सात-आठ मिनिटांनी धूर ओसरतो, पण आयडलवर केबिन हलतच राहते. आणि लोडमध्ये दम नाही. घाटात जिथे चौथ्यावर जायची तिथे आता तिसऱ्यावरही रडते. ऑइल पीत नाही, पट्टीवर लेव्हल बरोबर आहे. पाणी आठवड्याला दोन-तीन लिटर घालावं लागतं, पण नवतपा सुरू आहे, ४५ डिग्रीत कोणाच्या गाडीला लागत नाही?

एका गॅरेजला नेली. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एसपीएन १३२५ आला. म्हणाले तिसऱ्याचा नोझल गेला. तो बदलला. फरक नाही. मग म्हणाले एक नवा आणि पाच जुने जमत नाहीत, सहाही करा. केले. ५८ हजार गेले. फरक शून्य. आता म्हणतात फुल इंजिन काढा, ३ लाख ४० हजार. गाडीचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत. काय करू?

तर्रीपोहे · सोमवार, रात्री ११:०५

१३२५ चा अर्थ तिसरा सिलिंडर मिस करतोय, बस्स. नोझलच्या वायरिंगचा किंवा कॉइलचा दोष असता तर तिसऱ्यासाठी ६५३ आला असता. कोडने घर दाखवलं. घरातला कोण, ते तुमच्या गॅरेजवाल्याने स्वतःच्या मनाने ठरवलं.

काटोलचा_संत्रा · सोमवार, रात्री ११:३०

भाऊ, सोपा इलाज. गाडी आयडलवर ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट पान्याने अर्धा फेरा ढिला करा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज बदलत नाही, तो मेलेला. आमच्या ट्रॅक्टरला नेहमी असंच करतो.

डेपोतला_म्हातारा · मंगळवार, पहाटे ५:१५

काटोलवाले भाऊ, तुमचं वाचून मले झोप नाही लागली. जुन्या पंपाच्या गाडीले नट ढिला करून पाहाचं, ते खरं. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात म्या बत्तीस वर्ष तेच केलं. पण हे कॉमन रेल आहे. रेलमधी आयडललेच तीनशे-चारशे बार असते, लोडवर सोळाशेच्या वर जाते. नट ढिला केला का तो फवारा हातमोजा फाडून चामडीत घुसते. वरून सुईच्या टोकाएवढं भोक दिसते, दुखतही नाही पहिले. अन् आतून हात सडते. कोणाले असं झालंच तर हळद लावून बसू नका, त्याच घडीले मोठ्या दवाखान्यात जा अन् डॉक्टरले सांगा का डिझेल दाबानं आत गेलं आहे.

संत्रा, काढून टाका ते वाक्य.

आता पोरा, तुह्यं. डिझेलच्या इंजिनाले ठिणगीचे प्लग नसते. हवा दाबून दाबून एवढी तापते का डिझेल पडलं तसं पेटते. म्हणून मिस माराचे तीनच रस्ते. डिझेल बरोबर पडत नसन, हवा बरोबर येत नसन, नाहीतर दाब होत नसन. हवा सहाहीले एकाच मॅनिफोल्डातून जाते, एकट्या तिसऱ्याचंच काहून अडन? अडलं तर त्याचा वॉल्व्ह उघडत नसन, तेवढंच. टॅपेट कव्हर काढून वॉल्व्ह उघडणारे रॉकर अन् पुश रॉड पाहून घे, अर्ध्या तासाचं काम आहे. डिझेल तुह्या गॅरेजवाल्यानं ५८ हजारात तपासून देल्लं म्हणते. मी त्याच्यावर भरोसा ठेवत नाही. तिसऱ्याचा नोझल पाचव्यात टाक, पाचव्याचा तिसऱ्यात. दोघाईच्या अंगावरचे कोड स्कॅनरनं ईसीएममधी (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधी) अदलाबदल करून भर, ते नाही भरले तर उलटंच निदान होईन. मिसिंग पाचव्यात गेलं तर नोझल. तिसऱ्यातच रायलं तर नोझलच्या नावानं आता एक रुपायाही काढू नको.

अन् नोझलच्या वायरीचे प्लग चालू गाडीवर उपटू नको. कोणता सिलिंडर कामाचा अन् कोणता बिनकामाचा, ते पाहाले स्कॅनरमधी कट-आउट टेस्ट असते. एकेक सिलिंडर तो आपला आपण बंद करते.

काटोलचा_संत्रा · मंगळवार, सकाळी ७:४०

काका, चुकलं. वर बदलता येत नाहीये, म्हणून इथेच लिहितो: माझा उपाय फक्त जुन्या पंपाच्या इंजिनासाठी. कॉमन रेलला नका करू.

राखवाला_फ्लीट · मंगळवार, सकाळी ९:१०

माझ्या अकरा गाड्या कोराडी-खापरखेड्याच्या राखेवर आहेत. मला वाटतं तुमचं उत्तर 'दोन वर्षं राख' यातच आहे. एअर फिल्टरच्या पुढचा रबर होज आतून फाटला की राख थेट टर्बोत आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. ती पॉलिश पेपरसारखं काम करते. माझी एक गाडी अशीच गेली, तीन महिन्यांत पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) साफ. बघायची पद्धत सोपी: गरम इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवा. थरथरलं तर चालतं. नाचून खाली पडलं तर रिंगांमधून गॅस खाली उतरतोय. ब्रीदरच्या नळीतूनही धूर दिसेल.

वाडीचा_दहाचाकी · बुधवार, रात्री ९:२०

काका, सगळं केलं. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, कामठी रोडवर. त्याच्याकडे बरा स्कॅनर आहे आणि मुख्य म्हणजे तो बोलायच्या आधी मोजतो.

टॅपेट, रॉकर, पुश रॉड ठीक. कट-आउट टेस्टमध्ये १, २, ४, ५, ६ बंद केले की आवाज पडतो, तिसरा बंद केला तर जवळपास काहीच होत नाही. थंड इंजिन चालू करून तीन मिनिटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टेंपरेचर गन मारली. पाच तोंडं १४० ते १५५ डिग्री, तिसरं ७८. नोझलची अदलाबदल केली, कोड भरले. मिसिंग तिसऱ्यातच. नोझल सुटले बिचारे. आणि माझे ५८ हजारही सुटले.

राखवाले दादा, झाकण उलटं ठेवून पाहिलं, थरथरतं पण पडत नाही. होज फाटलेला नाही, आतून बोट फिरवलं तर कोरडं स्वच्छ.

राखवाला_फ्लीट · बुधवार, रात्री ९:४४

मग राख नसेल. तरी ऑइल तपासून घ्या.

ऑइल_लॅबवाली · बुधवार, रात्री १०:३०

मी ऑइल तपासणीच्या कामात आहे, बुटीबोरीला. काल दादांनी मला निरोप टाकून विचारलं होतं, म्हणून नमुना आज दुपारी मागवून घेतला. गरम इंजिनमधून, मधल्या उंचीवरून, नळीने काढायला सांगितला होता. चेंबरचा (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीचा) बोल्ट उघडून पहिल्या धारेतून घेतला तर तळाचा सगळा गाळ येतो आणि आकडे घाबरवतात.

सिलिंडरमध्ये धूळ किंवा राख गेली की ऑइलमध्ये सिलिकॉन चढतं, सोबत लोखंड आणि ॲल्युमिनियम. इथे सिलिकॉन १४ पीपीएम आहे, काळजीचं नाही. म्हणजे राखेचा संशय बाद. तांबं आणि शिसं कमी, म्हणजे बेअरिंग अजून तरी रडत नाहीत. लोखंड जरा वर. पण दोन गोष्टी खटकल्या. सोडियम नेहमीपेक्षा जास्त आहे. आणि तापलेल्या प्लेटवर थेंब टाकला तर तडतडला. फोडणीत मोहरी तडतडते तसा. ऑइलमध्ये पाणी आहे, डोळ्यांना दुधाळ दिसण्याइतकं नाही, पण आहे.

दादा, एक विचारू? ऑइल पीत नाही म्हणालात. ६ लाख किलोमीटर झालेलं इंजिन थोडं तरी पितंच. लेव्हल 'बरोबर' राहते म्हणजे जेवढं जळतं तेवढं वरून काहीतरी मिसळतंय, असं तर नाही ना? आणि पाणी कोणतं घालता?

तर्रीपोहे · बुधवार, रात्री १०:३८

😳 आठवड्याला दोन-तीन लिटर!

वाडीचा_दहाचाकी · बुधवार, रात्री ११:५०

ताई, लिहायला लाज वाटते. कूलंट दीड वर्षापूर्वी संपलं तेव्हापासून बोरिंगचं पाणी. मागच्या उन्हाळ्यात गाडी तापायची म्हणून थर्मोस्टॅटही काढून टाकला होता. सगळेच काढतात.

डेपोतला_म्हातारा · गुरुवार, पहाटे ५:०५

सगळेच काढते म्हणून तं आम्हाले बत्तीस वर्ष काम पुरलं.

पाण्याचं नंतर. पहिले दाब मोज. कॉम्प्रेशन गेज नोझलच्या जागी बसते, त्याचा अडॅप्टर लागते. डिझेल बंद करून, बॅटरी पुरी चार्ज ठेवून सहाहीचा घे. एकट्या तिसऱ्याचा घेशीन तं आकडा कोणाशी तोलशीन? अन् गेजवर कमी आला म्हणून सिलिंडरमधी चमचाभर ऑइल ओतून पुन्हा पाहाची जी पेट्रोल गाडीवाल्यांची खोड आहे, ते डिझेलमधी करू नको. आपल्या इंजिनात पिस्टनवर जागाच मुठभर राह्यते, ऑइलनं ती भरली का दाब खोटाच वाढते.

मग त्याच सिलिंडरात कॉम्प्रेशनच्या टोकावर, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, कॉम्प्रेसरची हवा सोड. अन् कान लाव. इनलेटमधी सूं-सूं आलं तं इनलेट वॉल्व्ह. टर्बोकडून आलं तं एक्झॉस्टचा. ऑइलच्या तोंडातून आलं तं रिंगा नाहीतर पिस्टनले भोक. रेडिएटरमधी बुडबुडे आले तं गॅस्केट, हेड नाहीतर लायनर.

वाडीचा_दहाचाकी · शुक्रवार, रात्री ८:१५

आकडे लिहून आणलेत. १ नंबर २७.५ बार, २ नंबर २७, ४ नंबर २८, ५ नंबर २७, ६ नंबर २७.५.

३ नंबर २०.५.

म्हटलं चला, सापडलं, आता हवा सोडली की कळेल कुठून जाते. सोडली. इनलेट गप्प. टर्बो गप्प. ऑइलच्या तोंडातून हलकी सूं-सूं, पण तेवढीच शेजारच्या चौथ्यातही येते. रेडिएटरमध्ये एक बुडबुडा नाही. दहा मिनिटं मोबाइलचा टॉर्च लावून रेडिएटरकडे बघत बसलो, देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखा.

सात बार दाब कमी आणि गळती कुठेच नाही. मिस्त्रीसुद्धा डोकं खाजवतोय. काका?

डेपोतला_म्हातारा · शुक्रवार, रात्री ८:५०

वा. अशी केस म्या नोकरीत तीन का चार वेळाच पाह्यली.

हवा कुठूनच जात नाही, तरी दाब कमी. मग हवा पुरती दबलीच नाही. पिस्टन वर पुरा जातच नसन. उद्या सकाळी एक काम कर. नोझलच्या भोकातून पितळेची सरळ सळई पिस्टनवर टेकव. लोखंडाची नको, पिस्टनले ओरखडा पडन. इंजिन हातानं हळूहळू फिरव, सळई जास्तीत जास्त जिथपर्यंत वर येते तिथी हेडच्या कडेले खूण कर. अशीच चौथ्याची कर. दोन्ही खुणा व्हर्निअरनं मोज.

वाडीचा_दहाचाकी · शनिवार, दुपारी १:३०

चौथ्यापेक्षा तिसऱ्याचा पिस्टन २.२ मिलिमीटर खाली थांबतो. तीनदा मोजलं. दुसऱ्याशी तोललं, तोच फरक.

डेपोतला_म्हातारा · शनिवार, दुपारी १:३४

कनेक्टिंग रॉड वाकला. पिस्टनले क्रँकशी जोडते तो दांडा.

तर्रीपोहे · शनिवार, दुपारी १:४१

फक्त दोन मिलिमीटरने सात बार?? पटत नाही काका.

व्हीएनआयटी_बॅकबेंचर · शनिवार, दुपारी २:२०

पटतं, हिशेब करून बघा. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १३५ मिमी आणि कॉम्प्रेशन रेशो (हवा कितीपट दबते) १७.३ धरला (या आकाराच्या इंजिनात असेच आकडे असतात), तर पिस्टन सगळ्यात वर असताना उरणारी जागा १३५ ला १६.३ ने भागून, म्हणजे साधारण ८.३ मिमी उंचीच्या बरोबरीची. पिस्टन २.२ मिमी खाली थांबला की तीच जागा १०.५ मिमीची झाली. रेशो आला १३.९ वर. दाब रेशोच्या साधारण १.३ घाताने बदलतो, म्हणजे पाऊणपट उरतो. २७.५ चा पाऊणपट २०.६. दादांच्या गेजने २०.५ दाखवला. कॉलेजात माझं एकही प्रॅक्टिकल इतकं जुळलं नव्हतं.

आणि १३.९ रेशोवर थंड इंजिनात हवा पुरेशी तापत नाही, डिझेल न जळताच बाहेर पडतं. तोच पांढरा धूर. इंजिन गरम झालं की कसंबसं पेटतं, म्हणून धूर ओसरतो, पण ताकद येत नाही. लक्षणं तंतोतंत बसतात.

राखवाला_फ्लीट · शनिवार, दुपारी ३:००

पण रॉड आपोआप वाकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना कोणी सेल्फ मारला का? ड्रायव्हरला विचारा. प्रेमाने विचारा, नाहीतर 'कुछ नहीं हुआ सेठ' एवढंच मिळेल.

वाडीचा_दहाचाकी · शनिवार, रात्री १०:१०

विचारलं. चाचा वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत, त्यांनी मला मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलंय. चहा पाजला, ओरडणार नाही म्हटलं, तेव्हा बोलले.

तीन आठवड्यांपूर्वी सिवनीच्या अलीकडे एका ढाब्यावर रात्री मुक्काम केला होता. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केलं. पहाटे सेल्फ मारला तर 'ठक' करून इंजिन अडकलं. त्यांना वाटलं बॅटरी बसली. पुन्हा मारला, पुन्हा ठक. शेजारच्या गाडीवरून वायर लावून तिसऱ्यांदा मारला तेव्हा जोर लागून फिरलं, ढगभर पांढरा धूर आला आणि गाडी सुरू झाली. 'थोडी मिस मारत होती, पण चालत होती,' म्हणाले. मला सांगितलं नाही कारण मी त्या दिवशी टायरवरून आधीच तापलो होतो. तेही खरं आहे.

ऑइल_लॅबवाली · शनिवार, रात्री १०:४५

म्हणजे पाणी रात्री आत आलं. गरम इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरमध्ये दाब काही वेळ टिकतो, तो पाण्याला जिथे फट मिळेल तिथून ढकलतो. काही सिलिंडरमध्ये साचलं, काही रिंगांमधून खाली चेंबरमध्ये गेलं. तेच माझ्या प्लेटवर तडतडलं. बोरिंगचे क्षार म्हणजे माझं सोडियम.

पण काका, एक कळत नाही. फट आहे तर हवा सोडल्यावर बुडबुडे का आले नाहीत?

डेपोतला_म्हातारा · रविवार, पहाटे ५:३०

चांगलं विचारलंस बेटा. हवा सोडली तवा पिस्टन कुठी होता? सगळ्यात वर. मंग तपासला गेला फक्त लायनरचा वरचा बोटभर भाग, रिंगांच्या वरचा. भोक रिंगांच्या खाली असन तं हवेले ते दिसनच कसं? अन् हेड का गॅस्केट असतं तं बुडबुडे आलेच असते. ईजीआर कूलरवाल्या (एक्झॉस्टचा गॅस पाण्यानं थंड करणाऱ्या) गाडीत तिथूनही पाणी येते, ते वेगळं तपासाव लागते. पण मले लायनरचाच वास येऊन राहिला, कारण तुह्यं बोरिंगचं पाणी.

ऐक. हे ओले लायनर आहे, बाहेरून सरळ पाण्यात उभे राह्यते. पिस्टन खाली येताना एका बाजूवर थापड मारते, लायनर घंटीसारखा थरथरते. दर थरथरीत त्याच्या अंगावरचं पाणी क्षणभर सुटते, बारीक बुडबुडे होते अन् फुटते. दर बुडबुडा फुटताना लोखंडाचा कणभर टवका घेऊन जाते. लाखो वेळा. बाहेरून लायनर देवीचे वण असल्यासारखा होते, अन् एखादा वण आरपार जाते. चांगल्या कूलंटमधी नायट्राइटसारखे द्रव्य असते, ते लायनरवर पापुद्रा धरते, टवका पापुद्र्याचा जाते अन् तो पुन्हा भरून निघते. बोरिंगच्या पाण्यात पापुद्रा कुठून येईन? वरून रेडिएटरचं झाकण ढिलं असन तं दाब टिकत नाही अन् बुडबुडे अजून वाढते. थर्मोस्टॅट काढला तं इंजिन थंड चालते, पिस्टन पुरा फुगत नाही, थापड अजून जोरानं बसते. तुम्ही गाडी वाचवाले थर्मोस्टॅट काढता.

ऑइल काढून चेंबर उतरव. रेडिएटरले हातपंपानं एक बारभर दाब दे अन् रात्रभर सोडून दे. खाली कोरा पांढरा कागद पसर. सकाळी कोणत्या लायनरच्या बुडातून थेंब पडला ते कागदच सांगन.

वाडीचा_दहाचाकी · सोमवार, सकाळी ६:५०

झोप लागली नाही, सहाला गॅरेजवर पोचलो. कागदावर तिसऱ्याखाली वाटीएवढा ओला डाग. बाकी पाच कोरडे.

दाब काढून, पाणी उतरवून, पिस्टन सगळ्यात खाली आणला आणि नोझलच्या भोकातून कॅमेरा घातला. लायनरच्या भिंतीवर अर्ध्या उंचीपासून खाली गंजाची एक बारीक रेघ, अश्रूसारखी. आणि अजून एक दिसलं: काजळीची जी काळी पट्टी वर असते ती तिसऱ्यात चौथ्यापेक्षा खालपर्यंत उतरली होती. पिस्टन पूर्ण वर जात नव्हता त्याची खूणच. आधी कॅमेरा घातला असता तर हेच आधी दिसलं असतं, पण बघायचं काय ते माहीत असायला हवं ना.

राखवाला_फ्लीट · सोमवार, सकाळी ८:१०

आता एक लायनर, एक रॉड टाकून बंद करा. फुल इंजिनच्या नादी लागू नका.

डेपोतला_म्हातारा · सोमवार, सकाळी ८:४०

फुल इंजिन नाही, पण एकट्या तिसऱ्यावरही थांबू नको. तिसऱ्याच्या शेजारचा दुसरा लायनर ओढून पाह्य. बाहेरून गुळगुळीत असन तं बाकीच्याले हात लावू नको. वण दिसले तं सहाही बदल. सहाही एकच पाणी पेले आहे.

रॉडच्या टोपीचे बोल्ट नवेच टाक, एकदा ताणले ते पुन्हा भरवशाचे नाही. नवा रॉड बाकीच्या पाचाच्या वजनात बसते का ते काट्यावर तोलून घे. क्रँकचं तिसरं जर्नल खराद्याकडून मोजून घे, सेल्फ मारताना त्यालेही झटका बसला आहे. लायनर बसवल्यावर ब्लॉकच्या वर किती उठते ते डायल लावून सहाहीचं पाह्य, पुस्तकात देल्ल्या हद्दीतच अन् शेजाऱ्याशेजाऱ्यात फरक नको, नाहीतर नवा गॅस्केट सहा महिन्यांत फुकन. पिस्टनले खालून ऑइल मारणारी नळी वाकली का तेही पाह्य, वाकलेला रॉड तिले घासून जाते.

वाडीचा_दहाचाकी · पुढच्या रविवारी, रात्री ९:००

झालं. फोटो चढत नाहीयेत, शब्दांत सांगतो.

तिसरा लायनर बाहेर काढला तेव्हा एका बाजूला वरपासून खालपर्यंत वाळवी लागल्यासारखा पट्टा होता, आणि मधोमध एक भोक, त्यातून स्टोव्हची पिन आरपार गेली. दुसरा ओढला, तोही वणांनी भरलेला. सहाही बदलले. रॉड खराद्याने जिगवर लावला तर वाकलेला स्पष्ट दिसला, जमिनीवर नुसता ठेवून दिसत नव्हता. मी दहा वेळा डोळ्यासमोर धरून पाहिला, मला तरी सरळच वाटत होता. क्रँक वाचला. ऑइलची नळी एका बाजूने घासलेली होती, बदलली.

काहींनी निरोप टाकून खर्च विचारलाय, म्हणून लिहितो. लायनर-पिस्टन किट सहा, ६६ हजार. रॉड आणि बोल्ट १३,५००. फुल गॅस्केट सेट ११ हजार. बेअरिंग ९ हजार. हेडची टेस्ट आणि वॉल्व्ह घासणं ७,५००. ऑइल, फिल्टर, कूलंट १९ हजार. मजुरी २८ हजार. एकूण १ लाख ५४ हजार. फुल इंजिनच्या ३ लाख ४० च्या निम्म्याहून कमी, पण ५८ हजार आधी पाण्यात गेले ते वेगळेच. त्या पहिल्या गॅरेजला रॉड नेऊन दाखवला. तो म्हणाला, 'नोझल तर तुमचे नवेच झाले ना.' यावर काय बोलणार?

थर्मोस्टॅट नवा बसवला. रेडिएटरचं झाकण नवं. चाचांना सांगितलंय की घाटानंतर तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवायची आणि पाणी कमी झालं तर आधी मला फोन, मग बाटली. दोघांनी मिळून केबिनमध्ये वीस लिटरचा कूलंटचा कॅन बांधलाय.

आज पहाटे साडेपाचला स्टार्टर मारला. अर्ध्या फेरीत पकडली. शेजारचा क्लीनर उठलासुद्धा नाही.

तर्रीपोहे · रविवार, रात्री ९:१२

अभिनंदन! आता तर्री पोहे कोणाकडून?

ऑइल_लॅबवाली · रविवार, रात्री ९:४०

पाच हजार किलोमीटरनंतर नमुना पाठवा. नव्या रिंगा बसताना लोखंड चढलेलं दिसेल, त्याने घाबरू नका. सोडियम मात्र खाली आलेलं बघायचंय मला.

काटोलचा_संत्रा · रविवार, रात्री १०:०५

माझ्या टिप्परमध्येही बोरिंगचंच पाणी आहे. उद्या सकाळी नुसतं काढून कूलंट भरलं तर चालेल का?

डेपोतला_म्हातारा · सोमवार, पहाटे ५:१०

नुसतं काढून नाही. आतला क्षार पहिले धुऊन काढ, नाहीतर तो नव्या कूलंटलेच खाईन. फ्लशिंगचं लिक्विड टाकून वीस मिनिटं गरम चालव, थंड होऊ दे, काढ, साध्या पाण्यानं दोनदा धू. मंग कूलंट, अन् मिसळाले बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी घे, बोरिंगचं नाही. धुतल्यावर एखाद्या होजातून गळाले लागलं तं क्षारानंच ते बंद करून ठेवलं होतं असं समज अन् होज बदल.

अन् वाडीवाल्या पोरा, हजार किलोमीटरवर टॅपेट पुन्हा पाहून घे. चाचाले घेऊन ये हिंगण्याले, चहा पिऊ.